हाँगकाँगच्या छावणीचा माग

बुधवार : सेंट्रल, ॲडमिरल्टी, टेमार

सेंट्रल आणि वान चाय या हाँगकाँग बेटावरच्या दोन जुन्या वस्त्यांमधले अंतर नकाशावर जेमतेम दीड-दोन किलोमीटर भरते. परंतु शंभर वर्षांहून अधिक काळ त्यांना जोडणारा सपाटीवरचा रस्ता एकच होता, कारण मधली बहुतेक सगळी जमीन लष्कराच्या ताब्यात होती. जानेवारी 1841 मध्ये इंग्रजांनी बेटावर निशाण रोवले आणि त्यानंतर थोड्याच काळात डोंगराचा पायथा ते समुद्र असा एक मोठा पट्टा शिबंदीसाठी राखून ठेवला गेला. मरे, व्हिक्टोरिया आणि वेलिंग्टन या बराकी जमिनीच्या बाजूला उभ्या राहिल्या, तर किनाऱ्याच्या बाजूला आरमाराची गोदी आली. या छावणीचे पुढे काय झाले आणि तिचे कोणते तुकडे कुठे गेले, हे पायी फिरून पाहावे, एवढ्याच हेतूने मी हा प्रवास आखला होता. भाचा कौलूनमध्ये नोकरीला असल्याने राहण्याची सोय होती.

सकाळी सेंट्रलच्या बाजूने सुरुवात केली. समोर बँक ऑफ चायनाचा 72 मजली मनोरा होता. आय. एम. पेई यांनी आखलेली आणि 1990 मध्ये पुरी झालेली ही काचेची, त्रिकोणी पैलूंची इमारत पर्यटक मान वर करून पाहतात. मी तळाशी पाहत होतो, कारण याच जागेवर मरे हाऊस उभे होते. मरे बराकीतील अधिकाऱ्यांच्या निवासासाठी रॉयल इंजिनिअर्सच्या मेजर ऑल्ड्रिच यांच्या देखरेखीखाली 1846 मध्ये पूर्ण झालेली ही ग्रॅनाइटची तीन मजली इमारत 1982 मध्ये दगडन् दगड सुटा करून येथून हलवण्यात आली. चीनच्या सरकारी बँकेला ही जागा 100 कोटी हाँगकाँग डॉलरना मिळाली. शेजारचे मरे बिल्डिंग हे 1969 चे सरकारी कार्यालय आता आलिशान हॉटेल झाले आहे. मरे हे सर जॉर्ज मरे, म्हणजे त्या काळातील ब्रिटिश युद्धसाहित्य खात्याचे प्रमुख. लष्कराचा माणूस तेथून कधीच गेला, तरी त्याच्या खात्याच्या साहेबाचे नाव मात्र हॉटेलच्या दारावर झळकत आहे.

तेथून पूर्वेकडे ॲडमिरल्टीला निघालो. रस्त्यावरून चालावे असे मला वाटत होते, पण भाच्याने आधीच बजावले होते, "मामा, इथे नकाशा पाहून चालायचं नाही, कितव्या मजल्यावरून जायचं ते आधी ठरवायचं." ते तंतोतंत खरे ठरले. पादचारी पुलांच्या जाळ्यातून, एका व्यापारी संकुलातून दुसऱ्यात शिरत, जमिनीला पाय न लावता मी जुन्या गोदीच्या जागेवर पोहोचलो.

छावणीने शहराची कशी कोंडी केली होती, ते येथे उभे राहिल्यावर कळते. कलकत्त्यात जन्मलेले आर्मेनियन व्यापारी पॉल चेटर यांच्या पुढाकाराने 1889 मध्ये सेंट्रलच्या किनाऱ्यावर मोठी भराव योजना सुरू झाली. समुद्र हटवून नवा, रुंद किनारी रस्ता तयार झाला, पण पूर्वेकडे येता येता तो आरमाराच्या कुंपणापाशी थांबला. किनारी रस्ता सलग वान चायपर्यंत न्यावा, ही नागरी प्रशासनाची जुनी इच्छा होती. आरमाराने मात्र विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आपली गोदी समुद्रात आणखी पुढे वाढवली आणि ती इच्छा पन्नास वर्षांसाठी बासनात बांधून ठेवली. 1904 मध्ये ट्राम आली, तिलाही छावणीच्या मधून जाणाऱ्या त्याच एका रस्त्यावरून जावे लागले. आजही ट्राम क्वीन्सवेवरून जाताना एक वळण घेते. ते वळण म्हणजे जुन्या किनाऱ्याची आणि लष्करी हद्दीची उरलेली खूण आहे, असे मला तिच्या वरच्या मजल्यावर बसल्यावर वाटले.

गोदी 1959 मध्ये बंद झाली, जहाजदुरुस्तीची सुकी गोदी बुजवली गेली आणि त्यावरून हारकोर्ट रोड निघाला. तरी आरमार पुरते गेले नव्हते. किनाऱ्यालगतचा तळ त्याने टेमार या नावाने चालू ठेवला. टेमार हे मुळात सैनिक वाहून नेणारे जहाज होते. 1897 मध्ये ते बंदरात कायमचे उभे करण्यात आले आणि डिसेंबर 1941 मध्ये जपानी हल्ल्याच्या वेळी इंग्रजांनीच ते बुडवले. त्याचे नाव मग जमिनीवरच्या तळाला चिकटले, आणि तळ गेल्यावर आता ते सरकारी मुख्यालयाला चिकटले आहे. 1993 च्या सुमारास आरमार बंदराच्या पलीकडे स्टोनकटर्स बेटावर गेले, तळाचे बंदिस्त पाणी भरावाने बुजवले गेले, आणि त्या भरावावर 2011 मध्ये सरकारी कचेऱ्या आणि विधिमंडळाची इमारत उभी राहिली. शेजारची, खालच्या बाजूला निमुळती होत गेलेली 1978 ची प्रिन्स ऑफ वेल्स इमारत मात्र लष्कराकडेच राहिली. आता तिच्यावर चिनी सैन्याचा लाल तारा आहे.

शहर परत करण्याआधी ब्रिटन आणि चीन यांनी 30 जून 1994 रोजी लष्करी जमिनींविषयी स्वतंत्र समझोता केला. त्यानुसार 14 जागा नव्या शिबंदीसाठी राखल्या गेल्या, 25 जागा हाँगकाँग सरकारला विकासासाठी मोकळ्या मिळाल्या, आणि त्या बदल्यात सरकारने काही लष्करी सोयी दुसरीकडे नव्याने बांधून द्यायच्या, असे ठरले. स्टोनकटर्सचा आरमारी तळ हा त्यातलाच. पुढे शिबंदीविषयीच्या चिनी कायद्यातही हेच तत्त्व लिहिले गेले: संरक्षणासाठी नको असलेली जमीन लष्कराने मोबदला न घेता स्थानिक सरकारला परत करायची, पण सरकारलाच लष्कराची एखादी जागा लोकोपयोगी कामासाठी हवी असेल, तर आधी केंद्र सरकारची संमती घ्यायची, दुसरी जमीन शोधून द्यायची, तेथे बांधकाम करून द्यायचे आणि सगळा खर्चही सोसायचा. राज्य बदलले, झेंडा बदलला, पण जमीन सोडताना हिशेब वाजवून घेण्याची लष्कराची रीत बदलली नाही. आपल्याकडे मुंबईत कुलाब्याच्या किंवा पुण्यात कॅम्पच्या जागांची पत्रापत्री ज्यांनी पाहिली आहे, त्यांना यात नवल वाटणार नाही.

टेमारसमोरच्या किनारी बागेत संध्याकाळी धावणाऱ्यांची गर्दी होती. त्या बागेच्या पुढ्यात 150 मीटर लांबीचा धक्का लष्करासाठी राखलेला आहे. तळ हलला तरी मध्यवर्ती किनाऱ्यावर जहाज लावण्याची सोय राहिली पाहिजे, ही अटही 1994 च्याच समझोत्यातली. लष्कराला गरज नसेल तेव्हा तो भाग लोकांसाठी खुला असतो. धक्क्याच्या जमिनीत सरकत्या फाटकाची खाच दिसते. लोक तिच्यावरून धावत जातात आणि फाटक बंद झाले की दुसऱ्या वाटेने वळतात.

गुरुवार : व्हिक्टोरिया बराकी

या प्रवासातला सर्वांत भरगच्च दिवस हा होता. व्हिक्टोरिया बराकी 1979 मध्ये लष्कराने सरकारच्या हवाली केल्या. त्याआधीच, 1977 मध्ये, या जागेचे काय करावे याविषयी नेमलेल्या समितीच्या शिफारशी पुढे आल्या होत्या. निकाल असा लागला की क्वीन्सवेलगतची सपाट जमीन न्यायालये, सरकारी कचेऱ्या आणि पॅसिफिक प्लेसच्या मनोऱ्यांना गेली, आणि वरचा चढाचा भाग हाँगकाँग पार्क म्हणून लोकांना मिळाला. सपाट ती पैशाची, चढ तो झाडांचा, अशी ही वाटणी. तक्रार करण्यासारखी ती आहेच, तरी या बाजूला उद्यानाला सुमारे 8 हेक्टर जागा उरली, तीसुद्धा लष्कराने सव्वाशे-दीडशे वर्षे बांधकामवाल्यांना आत पाऊल टाकू दिले नाही म्हणून. शहराला अडवणारी छावणी हीच शेवटी शहराची मोकळी जागा ठरली. एकोणिसाव्या शतकातील ज्या गव्हर्नरांनी या जमिनीसाठी लंडनकडे विनवण्या केल्या, त्यांना ती मिळाली असती तर आज येथे एकही झाड दिसले नसते, असे माझे मत बनले आहे.

उद्यान मे 1991 मध्ये खुले झाले. पॅसिफिक प्लेसमधून सरकत्या जिन्याने वर आले की थंडगार दुकानांतून एकदम दमट हवेत आणि कोकिळेसारख्या कुठल्याशा पक्ष्याच्या आवाजात माणूस बाहेर पडतो. जुन्या बराकींपैकी मोजक्या इमारती येथे राखल्या आहेत. रॉलिन्सन हाऊसमध्ये विवाह नोंदणी कार्यालय आहे. मी गेलो तेव्हा पांढऱ्या पोशाखातली एक नवरी व्हरांड्याच्या पायऱ्यांवर छायाचित्रासाठी उभी होती, आणि तिची आई पायघोळाची कड मातीला लागू नये म्हणून दोन्ही हातांनी उचलून धरत होती. विवाहित ब्रिटिश अधिकाऱ्यांसाठी बांधलेल्या कॅसल्स ब्लॉकमध्ये चित्रकार आणि शिल्पकारांची कार्यशाळा आहे. पूर्वीही येथे संसारच थाटले जात होते, हे ध्यानात घेतले तर विवाह नोंदणीची योजना विसंगत वाटत नाही.

या सर्वांत मानाची इमारत म्हणजे फ्लॅगस्टाफ हाऊस. 1846 मध्ये मेजर जनरल डॅगिलर यांच्यासाठी बांधलेले हे पांढरेशुभ्र दुमजली घर 1978 पर्यंत ब्रिटिश सेनापतीचे निवासस्थान होते. भोवताली खोल व्हरांडा, उंच दारे, हिरव्या झडपा. हा व्हरांडा हौसेचा नव्हे. 1843 च्या उन्हाळ्यात तापाच्या साथीने शिबंदीतील माणसे इतक्या संख्येने दगावली की बेट सोडून द्यावे की काय, अशी चर्चा होऊ लागली होती. डास कारणीभूत आहेत हे त्या काळी कोणालाच ठाऊक नव्हते. दूषित हवा हेच कारण मानले जाई, त्यामुळे पुढच्या बराकी उंच छताच्या, हवा खेळती राहील अशा आणि चहूबाजूंनी व्हरांडे असलेल्या बांधल्या गेल्या. निदान चुकीचे होते, पण इमारती राहण्याजोग्या झाल्या. 1984 पासून येथे चहाच्या भांड्यांचे संग्रहालय आहे. व्हीटासॉय या सोया दुधाच्या उद्योगाचे संस्थापक के. एस. लो यांनी दिलेल्या संग्रहातून ते उभे राहिले. यीशिंगच्या जांभळट-तपकिरी मातीच्या, मुठीत मावतील एवढ्या किटल्या मी बराच वेळ पाहत राहिलो. एका किटलीच्या झाकणावर बोटाच्या पेराएवढा सिंह होता आणि त्याची आयाळ सुईने कोरावी तशी काढलेली होती.

फ्लॅगस्टाफ हाऊस वाचले आणि मरे हाऊस हलवले गेले. दोन्ही एकाच वर्षीची, एकाच छावणीतली, एकाच खात्याने बांधलेली घरे. फरक इतकाच की पहिले चढावर होते आणि दुसरे सपाटीवर. इतिहासाचे मूल्य दोघांचे सारखेच असले, तरी पायाखालच्या जमिनीच्या भावाने त्यांचे नशीब ठरवले.

दुपारी पॅसिफिक प्लेसच्या मागचा चढ चढून जुन्या दारूकोठारावर गेलो. लष्कराने एकोणिसाव्या शतकात डोंगराच्या कुशीत बांधलेल्या या आवारात 2012 पासून एशिया सोसायटीचे केंद्र आहे. दारूकोठारे कशी बांधतात हे येथे नीट पाहता येते. भिंती जाड, खिडक्या नावापुरत्या, आणि दोन कोठारांच्या मध्ये मातीचा उंच बांध, म्हणजे एकाचा भडका उडालाच तर त्याचा जोर वर जाईल आणि शेजारचे कोठार वाचेल. त्या बांधावर आता झाडी माजली आहे आणि कोठाराच्या आत चित्रांची प्रदर्शने भरतात. आवाराचे दोन भाग ओढ्याच्या घळीने तोडलेले असल्यामुळे नवा पूल बांधावा लागला. घळीत फळे खाणाऱ्या वटवाघळांची वस्ती होती, म्हणून पूल सरळ न नेता नागमोडी वळवला आहे. वटवाघळांसाठी वाट वाकवणाऱ्या शहराने मरे हाऊससाठी बँक थोडी बाजूला सरकवली नाही, हा विचार पुलावर उभा असताना मनात आल्यावाचून राहिला नाही.

शुक्रवार : कौलून

कौलूनचा दिवस थोडक्यात आटोपतो. मार्च 1860 मध्ये ब्रिटिश अधिकारी हॅरी पार्क्स यांनी हे द्वीपकल्प वर्षाला 500 तैल (तैल हे चिनी वजन) चांदीच्या भाड्याने घेतले, आणि त्याच वर्षी पीकिंगच्या तहाने ते इंग्रजांना कायमचे मिळाले. मिळाल्याबरोबर भांडण सुरू झाले: लष्कराला सगळी जमीन छावणीसाठी हवी होती, तर गव्हर्नर हर्क्युलस रॉबिन्सन यांना ती वाढत्या शहरासाठी. बेटावर झालेली कोंडी येथे पुन्हा होऊ नये, ही त्यांची धडपड होती. त्यांना काही जमीन मिळाली, तरी चिम शा चुईच्या ऐन मध्यावर व्हिटफील्ड बराकी झाल्याच.

या बराकी मुख्यतः हिंदी पलटणींसाठी होत्या. हाँगकाँगच्या शिबंदीत हिंदी शिपाई पहिल्यापासून होते. 1892 मध्ये तर येथील बंदोबस्तासाठी उभारलेल्या हाँगकाँग रेजिमेंटमध्ये प्रामुख्याने पंजाबी मुसलमानांचीच भरती झाली. त्यांच्या नमाजासाठी 1896 मध्ये बराकींच्या कडेला मशीद बांधली गेली. बराकी 1967 मध्ये सरकारला मिळाल्या आणि 1970 मध्ये तेथे कौलून पार्क खुले झाले. मशीद राहिली, पण भुयारी रेल्वेच्या कामात तिला तडे गेले, तेव्हा 1984 मध्ये नवी बांधण्यात आली. संगमरवरी भिंतींची, चार मिनारांची ही मशीद मुंबईचे वास्तुरचनाकार आय. एम. कादरी यांनी आखलेली आहे. वरळीचे नेहरू सेंटर ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हे नाव परके नाही. मी पोहोचलो तेव्हा जुम्म्याची नमाज नुकतीच संपली होती आणि नेथन रोडच्या पदपथावर उर्दू, पंजाबी आणि कँटनीज एकाच वेळी कानांवर येत होत्या.

उद्यानात बराकींच्या चार इमारती शिल्लक आहेत. त्यांपैकी एस 61 आणि एस 62 या जोड-इमारती काचेच्या दुव्याने एकमेकींना जोडून तेथे वारसा केंद्र केले आहे. कमानींचे लांब व्हरांडे, उतरती कौले आणि जाड भिंती पाहून मला खडकीच्या लष्करी वसाहतीत आल्यासारखे वाटले, आणि ते अगदीच अकारण नव्हते, कारण या प्रकारच्या बराकींचा साचा हिंदुस्थानातच घडला होता. मागच्या टेकाडावर जुन्या तोफखान्याची जागा मुलांच्या खेळण्यासाठी मोकळी केली आहे आणि तोफांवर पोरे बिनदिक्कत चढतात.

शनिवार : स्टॅन्ली

सेंट्रलहून सहा क्रमांकाची दुमजली बस वॉंग नाय चुंगच्या खिंडीतून स्टॅन्लीला जाते. डिसेंबर 1941 मध्ये या खिंडीसाठी निकराची लढाई झाली. हाँगकाँग-सिंगापूर तोफखान्याचे हिंदी गोलंदाज, कॅनडाचे शिपाई आणि स्थानिक स्वयंसेवक येथे लढले. बस त्या वळणांवर इतकी कलते की वरच्या मजल्यावर पुढच्या आसनावर बसणाऱ्याने नाश्ता जपून करावा.

स्टॅन्लीच्या समुद्रकाठी मरे हाऊस उभे आहे. पहिल्या नजरेला ते शंका यावी इतके सुबक दिसते. तळमजल्याला जाड दगडी भिंती आणि सपाट कमानी, त्यावर डोरिक खांबांचा व्हरांडा, सर्वांत वर हलक्या आयोनिक खांबांचा. खालून वर जाताना वजन कमी होत जाते, ही मूळ रचना कायम आहे. 1982 मध्ये इमारत उतरवताना तीन हजारांहून अधिक दगडांवर क्रमांक घालून त्यांची नोंद ठेवली गेली आणि ते तायताम येथे साठवले गेले. कुठे उभारायचे ते मात्र कित्येक वर्षे ठरेना. 1990 मध्ये गृहनिर्माण खात्याने येथील नव्या वसाहतीबरोबर तिची पुनर्बांधणी सुचवली आणि त्या दशकाच्या अखेरीस ती पुन्हा उभी राहिली. धुराडी हरवलेली होती, म्हणून हाय स्ट्रीटवरच्या जुन्या मनोरुग्णालयाची आठ धुराडी आणून छपरावर बसवली.

एका खांबाला हात लावून पाहिला. ग्रॅनाइटचे कण उन्हाने तापलेले होते आणि कडा बहुतेक ठिकाणी गोटा झालेल्या होत्या. पण दोन दगडांमधला सांधा सरळ, ताजा, अलीकडच्या सिमेंटचा होता. दगड जुना, सांधा नवा. व्हरांड्यात उपाहारगृहाची टेबले मांडलेली होती. 2005 ते 2013 या काळात येथे सागरी संग्रहालय होते, ते पुढे सेंट्रलच्या धक्क्यावर गेले. म्हणजे इमारत सेंट्रलहून स्टॅन्लीला आली आणि तिच्यातले संग्रहालय स्टॅन्लीहून सेंट्रलला गेले. जपानी अंमलात मरे हाऊसमध्ये लष्करी पोलिसांचा तळ होता आणि तेथे कैद्यांचे हाल होत. युद्धानंतर सरकारी कचेरी आली तेव्हा कर्मचाऱ्यांनी भुताची तक्रार केली आणि शासनाच्या परवानगीने 1963 व 1974 मध्ये शांतीचे विधी झाले. भुते दगडांबरोबर इकडे आली की बँकेच्या तळघरात राहिली, असे मी उपाहारगृहाच्या वाढप्याला विचारले. तो हसला आणि म्हणाला, येथे भाडे जास्त आहे.

शेजारच्या धक्क्यावरचे लोखंडी छप्परही परगावचे आहे. मूळचे सेंट्रलच्या ब्लेक पिअरवरचे हे छत 1965 मध्ये कौलूनच्या मोर्स पार्कमध्ये गेले आणि 2006 मध्ये येथे आले. अशा स्थलांतरित वास्तूंचे एक छोटे पुनर्वसनच या खाडीत झाले आहे. थोड्या अंतरावर लष्करी दफनभूमी आहे. 1840 च्या दशकातील तापाने गेलेल्या शिपायांच्या आणि त्यांच्या मुलाबाळांच्या कबरींना लागूनच 1942 नंतरच्या युद्धकैद्यांच्या कबरी आहेत. या प्रवासात जागची न हललेली लष्करी जमीन मला येथेच दिसली. द्वीपकल्पाच्या टोकाचा स्टॅन्ली फोर्ट 1994 च्या यादीत शिबंदीकडे राहिलेल्या जागांपैकी आहे. फाटकापाशी चिनी पहारेकरी उभा होता आणि छायाचित्र घेऊ नये अशी पाटी होती, म्हणून मागे फिरलो.

मरे हाऊसचे हे स्थलांतर सरकारने यश म्हणून मिरवले खरे, पण जागा बदलल्यामुळे इमारतीची पहिल्या श्रेणीची वारसा नोंद गेली. लोकांनी ते लक्षात ठेवले. 2006-07 मध्ये सेंट्रलच्या भरावासाठी क्वीन्स पिअर पाडण्याचे ठरले आणि सरकारने तोच उपाय सुचवला, म्हणजे सुटे करू, साठवू, पुन्हा बांधू, तेव्हा तरुण मंडळी धक्क्यावर ठाण मांडून बसली. त्यांच्या युक्तिवादात मरे हाऊसचे उदाहरण वारंवार येई. धक्का 2008 च्या सुरुवातीला उतरवला गेलाच. फेरीबोटींच्या 9 व 10 क्रमांकाच्या धक्क्यांमध्ये तो पुन्हा उभारण्याचे सरकारने सांगितले होते. त्याचे सुटे भाग लांटाऊ बेटावर, सरकारच्या स्फोटकांच्या कोठाराच्या आवारात नेऊन ठेवले गेले.